५३ जणांच्या यादीतला तिसरा क्वार्टरबॅक

डेलावेअरकाठ | शनिवार, रात्री ९:४०

येत्या मंगळवारी दुपारी चारला (पूर्व किनाऱ्याची वेळ) एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, संघांची छाटणी आहे. उन्हाळाभर ९० जण सराव करतात, मोसमासाठी ५३ ठेवायचे. एका संघातून ३७ आणि ३२ संघ मिळून १,१८४ खेळाडू बाहेर. पूर्वी हे टप्प्याटप्प्याने व्हायचं, २०२३ पासून एकाच तारखेला होतं. इथे अमेरिकेतली बरीच मंडळी हा खेळ बघतात हे माहीत आहे, म्हणून धागा काढतोय. मला बोलायचंय ते एकाच जागेबद्दल, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरबॅकच्या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन सुरू होते. हेल्मेटमधल्या स्पीकरवर प्रशिक्षक चाल सांगतो, ती त्याने बाकीच्या दहा जणांना तोंडी सांगायची, समोरचा बचाव वाचायचा आणि दोन-अडीच सेकंदांत चेंडू सोडायचा. दुसऱ्या कुठल्या जागेवर बदली माणूस आला तर संघ अडखळतो, सावरतो. क्वार्टरबॅक गेला तर अख्खा डाव बदलतो.

मी ईगल्सवाला. २९ जानेवारी २०२३ ला फिलाडेल्फियात ईगल्स विरुद्ध फोर्टीनायनर्स सामना होता, जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला. थंडीत वरच्या मजल्यावर बसलो होतो. फोर्टीनायनर्सचा ब्रॉक पर्डी आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू. मोसमाच्या सुरुवातीला तो तिसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्याचा, ट्रे लान्सचा घोटा मोडला, दुसऱ्याचं, जिमी गारोपोलोचं पाऊल मोडलं, म्हणून हा आला आणि जिंकतच सुटला. त्या दिवशी पहिल्याच आक्रमणात आमच्या हसान रेडिकने त्याच्या फेकत्या हाताला धडक दिली आणि कोपराची अस्थिबंधनं गेली. मग आला जॉश जॉन्सन. ३६ वर्षांचा, तोवर डझनभर संघांतून फिरलेला, डिसेंबरात डेन्व्हरच्या सराव पथकातून (५३ च्या बाहेर, सरावापुरते ठेवलेले खेळाडू) उचलून आणलेला. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला त्याचंही डोकं आपटलं, कन्कशन झालं, तोही बाहेर.

आणि पर्डी परत मैदानात आला. हात उचलत नव्हता. चेंडू घ्यायचा आणि शेजारच्या धावणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा, एवढंच. आमच्या रांगेतला आरडाओरडा हळूहळू कमी झाला. आम्ही ३१-७ जिंकलो, पण परतताना पार्किंगपर्यंत मी आणि माझा मित्र फारसं बोललोच नाही. एवढ्या मोठ्या संघाकडे त्या क्षणी चेंडू फेकू शकेल असा माणूस नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. ५३ मध्ये तीन क्वार्टरबॅक हवेतच. छाटणीच्या दिवशी सगळ्यात आधी ज्या जागेवर काटकसर होते, तीच जानेवारीत सगळ्यात महाग पडते.

---

शेवंती | शनिवार, रात्री १०:१५

छान लिहिलंय. मी नवऱ्यामुळे बघते, अजून अर्धं कळत नाही. एक विचारू का? ५३ ही काही लहान संख्या नाही. मग तिसरा ठेवायला संघ एवढे का कुरकुरतात?

---

हिशोबनीस | शनिवार, रात्री ११:०२

शेवंतीताई, ५३ हा आकडा फसवा आहे. सामन्याच्या दिवशी त्यातले ४८ च गणवेशात उतरतात (ते सुद्धा आक्रमणाच्या रेषेतले किमान आठ जण असतील तर). आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा, प्रत्येकाला एक बदली धरला की ४४ झाले. लाथ मारणारे दोन (किकर आणि पंटर) आणि त्यांच्यासाठी चेंडू मागे फेकणारा स्नॅपर एक, ४७. मग शेवटच्या दोन-चार जागांवर अशी माणसं लागतात जी लाथेच्या चालींना (पंट आणि किकऑफ) जीव तोडून धावतील. तिसरा क्वार्टरबॅक ते करत नाही, त्याला तसं कोणी धावूही देत नाही. म्हणून प्रशिक्षकाच्या बैठकीत प्रश्न असा येतो, की वर्षभर जो बहुधा एकही चाल खेळणार नाही तो ठेवायचा, की दर रविवारी वीस चाली खेळणारा बचावातला पाचवा लाइनबॅकर?

आता छाटणी आतून कशी चालते ते सांगतो. चार मोसम पूर्ण केलेला अनुभवी खेळाडू कापला की तो लगेच मोकळा होतो, कुठेही सही करू शकतो. चारपेक्षा कमीवाला वेव्हरवर जातो. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत बाकीच्या ३१ संघांपैकी कोणीही त्याला आहे त्या करारासकट मागू शकतं, आणि अनेकांनी मागितलं तर गेल्या मोसमात खाली राहिलेल्याचा नंबर आधी. कोणीच मागितलं नाही तर जुना संघ त्याला सराव पथकात घेऊ शकतो. तिथे १६ जागा असतात.

म्हणून संघ तिसऱ्या क्वार्टरबॅकला 'लपवतात'. कापायचा, चोवीस तास श्वास रोखायचा, कोणी उचलला नाही की परत घ्यायचा. बहुतेक वेळा जमतं, कारण दुसऱ्या संघाला आठवड्यावर आलेल्या मोसमात नवं प्लेबुक (संघाच्या चालींची वही) शिकणारा नवखा नकोच असतो. २०२३ मध्ये पेट्रियट्सनी तर ५३ मध्ये एकटा मॅक जोन्स ठेवला, बेली झॅपीला कापलं आणि सराव पथकात परत आणलं.

पण नेहमी जमत नाही. २०१७ मध्ये पॅकर्सनी टेसम हिलला असाच कापला. सेंट्सनी वेव्हरवरून उचलला आणि त्याच्याकडून क्वार्टरबॅक, टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), पंट अडवणं, सगळं करून घेतलं. पुढची कित्येक वर्षं.

पैशाचं अंतरही बघा. २०२५ चा दर धरला तर ५३ मधल्या नवख्याला किमान ८,४०,००० डॉलर, म्हणजे १८ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ४६ हजारांच्या वर. सराव पथकातल्या नवख्याला आठवड्याला १३,०००. काम तेच, बैठका त्याच, चित्रफिती त्याच.

---

डेलावेअरकाठ | रविवार, सकाळी ८:२०

हिशोबनीस, तुमचा हिशोब पटतो. पण त्या सामन्यानंतर लीगलाही नियम बदलावा लागलाच ना? २०२३ पासून तिसरा क्वार्टरबॅक ४८ च्या बाहेर धरून गणवेशात बसवता येतो. पहिले दोघे दुखापतीने किंवा पंचांनी काढल्यामुळे बाद झाले तरच तो उतरणार, आणि त्यातला एक बरा होऊन परतला तर याला बाहेर यावं लागणार. पहिल्या वर्षी अट होती की तो ५३ मधलाच हवा. तिथेच घोडं अडलं, कारण संघांनी त्याला सराव पथकात ठेवलेलं होतं. २०२४ मध्ये सराव पथकातून आणायलाही परवानगी दिली.

खरं तर हा नियम नवा नव्हता. १९९१ पासून २०१० पर्यंत असाच एक नियम होता, २०११ मध्ये काढून टाकला होता. बारा वर्षांनी पुन्हा आणायला एका पोराचं कोपर जावं लागलं.

---

हिशोबनीस | रविवार, सकाळी ९:०५

मग नियम आल्यावर ५३ मध्ये तीन ठेवायचं कारण उलट कमीच झालं. सराव पथकातला चालतो. सराव पथकातले चार जण दर आठवड्याला 'राखून' ठेवता येतात, म्हणजे मंगळवारनंतर दुसरा संघ त्यांना पळवू शकत नाही. क्वार्टरबॅकला त्यात घाला, काम झालं.

---

मधू_टेक्सास | रविवार, सकाळी ११:३०

दोघांचं वाचलं. तुम्ही जागांबद्दल बोलताय, मी कामाबद्दल बोलतो.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात दोन वर्षं दुसरा क्वार्टरबॅक होता. आमच्याकडे शुक्रवारच्या रात्री अख्खं गाव मैदानावर असतं. पहिल्या वर्षी मी घरी चिडचिड करायचो. एवढा सराव, एवढी धावपळ, आणि पोरगं दहा सामने रेषेबाहेर उभं. तो मात्र शांत. एकदा म्हणाला, "बाबा, तुम्ही चेंडूकडे बघता. पुढच्या वेळी माझ्याकडे बघा."

मग बघितलं. तीन मुलं एकदम खुणा करतात, त्यातली खरी खूण एकाचीच, आणि तो हा. कान, मनगट, गुडघा, दोनदा टाळी. मनगटावरच्या पट्टीवर बारीक अक्षरात आकडे, त्यातला एक आकडा म्हणजे एक चाल. पहिला मुलगा बाहेर आला की हा त्याच्या शेजारी बाकावर, डोकं डोक्याला लावून, "डावीकडचा सेफ्टी खाली येतोय, लवकर बघ." पाणी प्यायचं त्यालाही आठवायचं नाही.

व्यावसायिक संघात तेच शंभरपट. बुधवार, गुरुवार सरावात पहिल्या फळीच्या जवळजवळ सगळ्या चाली पहिला क्वार्टरबॅक घेतो. बॅकअप आपल्याच बचावासमोर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक होतो. कार्डावर काढलेली चाल बघायची आणि दुसऱ्याची नक्कल करायची. म्हणजे आठवडाभर तो हाताने शत्रूचा डाव खेळतो आणि डोक्याने आपला डाव पाठ करतो. रविवारी एका क्षणात बोलावलं तर आपला डाव, तोही ज्या झेलणाऱ्यांना त्याने महिनाभर चेंडू फेकलेला नाही त्यांच्यासोबत.

पूर्वी किकसाठी चेंडू धरून ठेवायचं कामही त्याचंच असायचं. आता बहुतेक संघ ते पंटरकडे देतात, कारण पंटर, किकर आणि स्नॅपर दिवसभर एकत्र असतात. बॅकअपच्या हातातलं तेवढंही एक काम गेलं.

डेलावेअरकाठ, म्हणून मला तुमचं पटतं, पण कारण वेगळं. तिसरा ठेवा तो दुखापतीच्या भीतीने नको. तो क्वार्टरबॅकांच्या बैठकीच्या खोलीत बसलेला असतो आणि त्या खोलीतलं शिकणं वाढतं म्हणून ठेवा.

---

रणजीप्रेमी | रविवार, दुपारी १२:१०

मला या खेळातलं फार कळत नाही, पण हे वाचून पद्माकर शिवलकर आठवले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. एका जागेवर एकच माणूस बसणार, दुसरा कितीही चांगला असला तरी.

---

डेलावेअरकाठ | रविवार, दुपारी १:४५

रणजीप्रेमी, मलाही तेच आठवलं होतं. पण एक मोठा फरक आहे. शिवलकरांना मुंबईची टोपी होती. दर हिवाळ्यात हातात चेंडू होता, समोर फलंदाज होता, आणि ते काय चीज आहेत हे शिवाजी पार्कापासून सगळ्यांना दिसत होतं. बॅकअप क्वार्टरबॅकला रणजीच नाही. ऑगस्टमधले तीन सराव सामने, त्यातही चौथ्या सत्रात, तेव्हा दोन्ही बाजूंनी मंगळवारी कापली जाणारीच मुलं खेळत असतात. एनएफएलची युरोपातली स्पर्धा होती, ती २००७ मध्ये बंद झाली.

आणि त्या स्पर्धेने काय दिलं बघा. कर्ट वॉर्नरला १९९४ मध्ये कोणी ड्राफ्ट केलं नाही. पॅकर्सच्या शिबिरात गेला, तिथे फार्व्ह, ब्रुनेल, डेटमर हे तीन क्वार्टरबॅक आधीच होते, याला छाटलं. घरी जाऊन आयोवातल्या सीडर फॉल्सला हाय-व्ही नावाच्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलरवर. मग बंदिस्त मैदानावरचं अरीना फुटबॉल, मग १९९८ मध्ये ॲम्स्टरडॅम, मग रॅम्सचा तिसरा क्वार्टरबॅक. १९९९ मध्ये क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता तेव्हा रॅम्सनी त्याला 'न्यायचा तर न्या' अशा यादीत टाकलं होतं. क्लीव्हलँडने नेला नाही. त्याच ऑगस्टमध्ये सराव सामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला. वॉर्नर त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोल जिंकला. त्या अंतिम सामन्यात त्याच्या फेकींतून ४१४ यार्ड.

त्याला किती जणांनी हातातून सोडलं ते मोजा. सगळे आपलं काम जाणणारे लोक होते. त्यांना दिसलं नाही, कारण दिसण्याइतका वेळ त्या पोराला कोणी दिलाच नाही.

---

कोथरूड_ते_डेन्व्हर | रविवार, दुपारी ३:००

आमच्या डेन्व्हरचं सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. २९ नोव्हेंबर २०२०. कोविडचे दिवस. एक क्वार्टरबॅक पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच्या संपर्कात आले म्हणून बाकीचे तिघेही बाद. एका प्रशिक्षकाला खेळवू द्या म्हणून संघाने विचारलं, लीगने नाही म्हटलं. शेवटी सराव पथकातला झेलणारा केंडल हिंटन क्वार्टरबॅक म्हणून उतरला. कॉलेजात आधी तो ही जागा खेळला होता एवढ्याच पुण्याईवर. एका दिवसाची तयारी. नऊ फेका, एक पूर्ण, १३ यार्ड, दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. सेंट्सकडून ३१-३ हरलो.

घरात आम्ही चौघे टीव्हीसमोर होतो. त्याची ती एक फेक पूर्ण झाली तेव्हा टचडाउन झाल्यासारखे ओरडलो. त्याच्या मनगटाची पट्टी नंतर हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळाच्या संग्रहालयात, ठेवली.

आणि डेलावेअरकाठ, लक्षात घ्या, डेन्व्हरकडे चार होते. चारही एकाच खोलीत बसले होते. आकड्याने सगळं सुटत नाही. त्याच मोसमात बफेलोने जेक फ्रॉमला इतरांपासून वेगळा ठेवला होता, ते शहाणपणाचं होतं.

---

हिशोबनीस | रविवार, दुपारी ४:१०

+१. आणि दुसरा कोण असावा, हा प्रश्न तिसरा असावा का, याच्यापेक्षा मोठा आहे. २०११ मध्ये पेटन मॅनिंगची मान गेली तेव्हा कोल्ट्सकडे माणसं होतीच. निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला घरून बोलावलं, मग कर्टिस पेंटर, मग डॅन ओर्लोव्स्की. आदल्या वर्षी १०-६ (दहा जिंकले, सहा हरले) असलेला संघ २-१४ वर गेला. सगळं आक्रमण एका माणसाच्या डोक्याभोवती विणलेलं, दुसऱ्याच्या हातात ते चालणार कसं?

उलट ईगल्स. २०१७ च्या डिसेंबरात कार्सन वेंट्झचा गुडघा गेला. निक फोल्स आला, तर प्रशिक्षकांनी डाव त्याच्या हाताला जमेल असा वळवला. सुपर बोल ४१-३३ जिंकला, समोर पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी. डेलावेअरकाठ तेव्हा कुठे होते ते विचारायची गरज नाही.

तो ब्रेडी तरी कुठून आला? २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा. पेट्रियट्सनी त्या वर्षी चार क्वार्टरबॅक ठेवले, चौथा हा. आज एखाद्या व्यवस्थापकाने चार ठेवले तर पत्रकार त्याला दोन दिवस सोडणार नाहीत. हे लिहिताना माझ्याच लक्षात येतंय की मी तुमच्या बाजूचा पुरावा देतोय. असू दे, खरं आहे ते.

---

शेवंती | रविवार, संध्याकाळी ६:२५

मग चांगला दुसरा मिळवायला संघ पैसे टाकत नाहीत का?

---

हिशोबनीस | रविवार, संध्याकाळी ६:५०

टाकतात, काही जण. चेस डॅनियलने तेरा-चौदा वर्षांत फक्त पाच सामने पहिला क्वार्टरबॅक म्हणून सुरू केले आणि ४ कोटी डॉलरहून जास्त कमावले. लोक त्याला फुकटची कमाई म्हणतात, मला ते अजिबात मान्य नाही. संघांनी त्याला पुन्हा पुन्हा घेतलं ते त्या खोलीतल्या कामासाठी, मधूदादांनी लिहिलं तेच काम. पण खर्चाची मर्यादा सगळ्यांना एकच असते. पहिल्याला वर्षाला ५ कोटी दिले की दुसऱ्यासाठी उरतं ते उरतं.

अनुभवी बॅकअपचा अजून एक पेच आहे. चार मोसम पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या सामन्याला यादीत असेल तर त्याच्या वर्षभराच्या पगाराची हमी लागू होते. म्हणून कित्येकदा त्याला मंगळवारी कापतात, "कुठे जाऊ नकोस" सांगतात आणि पहिला सामना झाल्यावर सही घेतात. तोवर बायको-मुलांसह माणूस हॉटेलात.

---

ग्रीनबे_मावशी | रविवार, रात्री ९:१५

उशिरा आले. आम्ही विस्कॉन्सिनला एकवीस वर्षं आहोत. आमच्या पॅकर्सकडे क्वार्टरबॅक फार्व्ह लागोपाठ २५३ सामने खेळला, त्यामुळे बॅकअप म्हणजे काय हे गावाला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. समजलं २०१३ मध्ये. ऑगस्टच्या छाटणीत ग्रॅहम हॅरल गेला, विन्स यंगही गेला, आणि ४ नोव्हेंबरला ॲरन रॉजर्सचं कॉलरचं हाड मोडलं. सेनेका वॉलेस आला, तोही पडला. सराव पथकातून आणलेला टोल्झिन आला. शेवटी मॅट फ्लिनला परत आणलं. तो आधी आमचाच होता, त्याच मोसमात दोन संघांनी त्याला सोडलं होतं. डॅलसविरुद्ध मध्यंतराला ३-२६ मागे होतो. नवऱ्याने टीव्ही बंद करून फावडं घेतलं आणि बर्फ काढायला बाहेर गेला. मी चालू केला. फ्लिनने चार टचडाउन फेकले, ३७-३६. खिडकीतून हाका मारून मी त्याला आत बोलावलं, हातमोजे न काढता तो उभ्यानेच बघत होता.

आता दुसरी गोष्ट. आमच्याकडे शिबिराच्या काळात लहान मुलं आपल्या सायकली घेऊन लॅम्बो फील्डच्या बाहेर रांगेत उभी राहतात. खेळाडू त्या सायकलींवरून सरावाच्या मैदानाकडे जातात, मूल शेजारून त्याचं हेल्मेट घेऊन पळतं. ही प्रथा पॅकर्सचे जुने प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्या काळापासूनची. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. नावाजलेल्या खेळाडूंच्या सायकली ठरलेल्या असतात. हिच्या जांभळ्या सायकलीवर रोज एकच जण बसायचा, एक नवखा क्वार्टरबॅक, शिबिरातला चौथा. सव्वासहा फूट माणूस, गुडघे हँडलच्या वर. मराठीत 'थँक यू' कसं म्हणतात ते त्याने तिला विचारलं होतं. 'आभारी' म्हणायला शिकला, 'भ' काही नीट जमेना.

छाटणीच्या दिवशी ज्याला काढायचं त्याला एक माणूस येऊन सांगतो, "साहेबांनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये." खेळाडू त्या निरोप्याला 'टर्क' म्हणतात. पूर्वी जाडजूड वही परत द्यायची असायची, आता टॅबलेट. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरगी सायकल घेऊन नेहमीच्या जागी उभी. तो आला नाही. एका कर्मचाऱ्याने येऊन तिला विचारलं, जांभळी सायकल तुझी का, आणि हातात एक हातमोजा दिला. तळहातावर मार्करने इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'आबारी'.

---

डेलावेअरकाठ | रविवार, रात्री ९:४८

मावशी, पुढे तो कुठे खेळला का?

---

ग्रीनबे_मावशी | रविवार, रात्री १०:०५

दोन सराव पथकांत होता, मग नाही. आता हायस्कूलच्या मुलांना शिकवतो असं ऐकलं. हातमोजा अजून आहे. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा सामानात घेऊन गेली.

---

हिशोबनीस | रविवार, रात्री १०:३०

मंगळवारी चारनंतर ३२ ही संघांच्या याद्या बघून कोणी किती क्वार्टरबॅक ठेवले ते इथेच टाकतो. बुधवारी दुपारी बारानंतर कोण उचलला गेला आणि कोण सराव पथकात परतला, तेही. डेलावेअरकाठ, तीन ठेवणारे वेगळे मोजतो, तुमच्यासाठी.